तीन बेटं, तीन निवांत दिवस
कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला : अम्मीला सोबत घेऊन केलेला एक प्रवास

आमचे अब्बा बोटीवर होते. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. कोणाचे वडील बोटीवर, कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाचा मुलगा दुबईला. घरातला पुरुष सुट्टीपुरता यायचा आणि बाकीचं वर्ष बाई घर ओढायची. अब्बा मुंबईहून मालवाहू जहाजावर चढायचे, इंजिनरूममध्ये तेलपाण्याचं काम करायचे आणि नऊ-दहा महिन्यांनी परतायचे. मधल्या काळात पत्रं यायची. त्या पत्रांत एक मजकूर ठरलेला असायचा. आज शोर लीव्ह मिळाली, किनाऱ्यावर उतरलो, काही केलं नाही, नुसता बसून राहिलो.

अम्मीला नेमका याच मजकुराचा राग यायचा. "मी इथे विहिरीवरून पाणी भरतेय, तुम्हा चौघांच्या शाळा बघतेय, आणि हे परदेशात जाऊन बसून राहतात!" अब्बा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. पत्रं अम्मीच्या कपाटात अजून आहेत, आणि तो रागही तिने जपूनच ठेवला होता.

अब्बांनी उभं आयुष्य समुद्रावर काढलं, पण अम्मी मात्र त्यांना निरोप द्यायला धक्क्यापर्यंत जाऊन परत यायची. खाडीतल्या तरीपलीकडे ती कधी कुठल्या बोटीत बसली नव्हती. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही ठरवलं की अम्मीला जहाजातून न्यायचं. तिचं वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. ती पहिल्यांदा नाहीच म्हणाली. मग नातवाने सांगितलं, "नानी, जिथे जाणार आहोत ना, तिथे सगळीकडे मशिदी आहेत आणि रोज मासे मिळतात." तेव्हा कुठे ती तयार झाली.

जहाज म्हणजे घर, बेट म्हणजे अंगण

लक्षद्वीप हा आपल्या देशातला सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश. बेटं ३६, पण वस्ती फक्त १० बेटांवर. सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती आणि त्यांत शंभरातले शहाण्णव मुसलमान. केरळच्या किनाऱ्यापासून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटर दूर, अरबी समुद्रात विखुरलेली आहेत. विमानतळ एकाच बेटावर, अगत्तीला. बाकी सगळी ये-जा जहाजाने.

लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' नावाची पर्यटन संस्था आहे. तिची 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची जहाजफेरी कोचीहून निघते. तिची पद्धत सोपी आहे. रात्र जहाजावर काढायची. सकाळी जहाज एका बेटाजवळ थांबतं, तिथे उतरायचं, दिवसभर बेटावर राहायचं, दुपारचं जेवण तिथेच घ्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर परतायचं. रात्री जहाज पुढच्या बेटाकडे निघतं. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं या फेरीत होतात. सामानाची उचलाउचल नाही, रोज नवं हॉटेल शोधणं नाही. लेकरंबाळं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की ही मोठीच सोय.

रत्नागिरीहून आम्ही मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस धरली. गाडीच्या नावातच लक्षद्वीप बघून मुलांना गंमत वाटली. कोचीला विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून जहाजात चढलो. केबिनमध्ये एकावर एक बंक, छोटं कपाट, गोल काचेची खिडकी. अम्मीने आत पाऊल टाकलं, खालच्या बंकवर हात फिरवला आणि म्हणाली, "एवढ्याशा जागेत माणूस वर्ष काढायचा?" पुढे कितीतरी वेळ ती काही बोलली नाही.

पहिल्या रात्री जहाज डुलायला लागलं. माझी मुलगी आडवी झाली ती सकाळपर्यंत उठली नाही. जहाज लागतं अशांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. हे शहाणपण आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचलं. अम्मीला मात्र काहीच झालं नाही.

नमाजचं काय, हा प्रश्न निघण्याआधी तिने दहा वेळा विचारला होता. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींवर आणायची सवलत आहे. शाफई मसलकात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करायचीही मुभा आहे. हनफी घरांनी ज्या त्या वेळेला अदा करावी, आणि शंका असेल तर निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं. जहाज फार हलत असेल आणि उभं राहता येत नसेल तर बसून नमाज होते. किबल्याबद्दल एक ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट : मुंबई-कोकणात आपण जवळजवळ पश्चिमेकडे तोंड करतो, लक्षद्वीपला किबला त्यापेक्षा थोडा अधिक उत्तरेकडे झुकतो, कारण आपण मक्केपेक्षा बरेच दक्षिणेला गेलेलो असतो. जहाज वळलं की अंदाज चुकतो. आमच्या मुलाने ते काम आपणहून घेतलं. प्रत्येक नमाजआधी तो फोनवरचं होकायंत्र घेऊन नानीपुढे हजर.

कवरत्ती : पाण्यावरून आलेली अजान

सकाळी डेकवर आलो तर समोर नारळीची एक हिरवी रेघ आणि तिच्या अलीकडे पाण्याचा असा रंग की मुलं ओरडलीच. ही बेटं प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याची. बेटाभोवती समुद्रात प्रवाळाचा कडा असतो. मोठ्या लाटा त्या कड्यावरच फुटतात. कड्याच्या आत जे शांत, उथळ पाणी अडतं त्याला लगून म्हणतात. जहाज मोठं, त्यामुळे ते कड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं, खाली छोटी होडी लागते आणि प्रवाशांनी हलत्या जहाजातून हलत्या होडीत उतरायचं असतं.

अम्मी त्या दारात येऊन थांबली. होडी लाटेबरोबर वर यायची आणि हातभर खाली जायची. मागे रांग. मी म्हणाले, "अम्मी, चल ना, लोक खोळंबलेत." ती म्हणाली, "तू गप्प बस." होडीवरचा एक तरुण खलाशी हसून म्हणाला, "उम्मा, वेट." मलबारात आणि या बेटांवर आईला उम्मा म्हणतात. त्याने एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. तिसऱ्या लाटेला होडी वर आली तेव्हा त्याने आणि त्याच्या जोडीदाराने तिच्या दुपट्ट्यावरून दोन्ही मनगटं धरली आणि तिला अलगद आत घेतलं. बसल्यावर तिने 'बिस्मिल्लाह' म्हटलं, मग त्या मुलाला दुवा दिली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, घाई न करणाऱ्यालाच उतरता येतं."

कवरत्ती ही १९६४पासून लक्षद्वीपची राजधानी. टोकापासून टोकापर्यंत सहा किलोमीटरही भरत नाही. इथली उज्रा मशीद सतराव्या शतकातली. तिचे लाकडी खांब आणि छत यांवरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. छत समुद्रातून वाहत आलेल्या लाकडातून घडवलं अशी बेटावर आख्यायिका आहे. तिथेच शेख मुहम्मद कासिम यांची मजार आहे. माझे पती आणि मुलगा आत जाऊन नमाज अदा करून आले. आम्ही तिघी आवाराबाहेर सावलीत बसलो.

बेटांवर इस्लाम कसा आला याची हकिगत तिथे घरोघर सांगतात. हजरत उबैदुल्लाह अरबस्तानातून निघाले, वादळात जहाज फुटलं आणि ते या बेटांवर पोचले, अशी ती परंपरा. त्यांची मजार आंद्रोत बेटावर आहे. पुढे कित्येक पिढ्या ही बेटं कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात होती. इथले लोकही आपल्या कोकणी मुसलमानांसारखे शाफई मसलकाचे. अरबी समुद्राच्या गलबतांनी जोडलेली ही जुनी नातीगोती आहेत. असरची अजान झाली तेव्हा आम्ही लगूनच्या काठी होतो. आवाज पाण्यावरून आला. अम्मी म्हणाली, "आपल्या खाडीसारखाच ऐकू येतो."

बाकी दिवसभर मुलं पाण्यात होती. पाणी कमरेइतकं, तळ स्वच्छ दिसणारा. काचेच्या तळाची होडी मिळते, तिच्यात बसल्या बसल्या मासे आणि प्रवाळ दिसतात. पोहता न येणाऱ्यांना आणि आजीआजोबांना हीच उत्तम. कपड्यांची चिंता मलाही होती आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला तर फारच. ती निरर्थक ठरली. तिथल्या बायका डोकं झाकूनच वावरतात. आम्ही पूर्ण बाह्यांचे, लवकर सुकणारे पोहण्याचे कपडे नेले होते आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर माझी मुलगी काठावर चप्पल सांभाळत बसते. तिथे ती तीन तास पाण्यात होती.

कल्पेनी : मी यादी फाडली

आता माझी चूक सांगते. या प्रवासाचं वेळापत्रक मी वहीत लिहून नेलं होतं. कल्पेनीच्या दिवसापुढे सहा गोष्टी होत्या : पोहणं, कयाक, गावात फेरी, वादळाने आणलेला प्रवाळाचा बांध, लोकनृत्य, खरेदी. इतके पैसे खर्चून आलोय तर काही सुटायला नको, हा हिशेब.

कल्पेनीचं लगून मोठं आणि उथळ आहे. कूमेल नावाच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी सोय आहे. समोर तिलाक्कम आणि पिट्टी ही निर्जन बेटं दिसतात. उतरल्यावर शहाळं हातात आलं. अम्मी एका नारळीखाली चटईवर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी इथेच बसते."

मी तिला उठवायला तीनदा गेले. कयाक नको तर निदान गावात चल. गुडघे दुखत असतील तर रिक्षा बघते. तिसऱ्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "बेटा, माझं लग्न सतराव्या वर्षी झालं. त्या दिवसापासून मी दिवसाउजेडी अशी बसलेले नाही. बसले की कोणी ना कोणी हाक मारतं. आता इथे हाक मारायला फक्त तूच आहेस."

मी वही मिटली. नंतर ते पान फाडूनच टाकलं. तिच्या शेजारी बसले. पहिली पंधरा-वीस मिनिटं जड गेली. हात सारखा फोनकडे जायचा आणि फोनला धड नेटवर्क नव्हतं. मग हळूहळू दिसायला लागलं. खेकडा वाळूतून बाहेर येतो, थांबतो, परत आत जातो. भरती येताना पाणी आवाज न करता चढतं. एक बाई नारळाची सोडणं गोळा करून नेत होती. अम्मी लगेच म्हणाली, "काथ्या करणार." आमच्याकडेही खाडीच्या चिखलात सोडणं कुजवून सुंभ वळायचे. तिने ते लहानपणी केलंय हे मला माहीत नव्हतं. एकेकाळी या बेटांचा मोठा व्यापार काथ्याचाच होता. त्या काथ्यावर अम्मी अर्धा तास बोलली. तिच्या आईबद्दल बोलली. अब्बा पहिल्यांदा बोटीवर गेले त्या रात्रीबद्दल बोलली. घरी आमचं असं बोलणं कधी झालं नव्हतं.

दुपारी भात, नारळ घातलेलं माशाचं कालवण आणि तळलेला ट्यूना. सोबत माडाच्या नीरेचा गूळ. जेवण वाढणाऱ्या मुलाला थोडं हिंदी येत होतं. त्याने बेटावरची एक रीत सांगितली आणि आम्ही सगळेच कान टवकारून ऐकायला लागलो. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर आईकडून चालणारी कुटुंबपद्धती आहे. घराण्याला तरवाड म्हणतात. परंपरेने मुलगी आपल्या आईच्याच घरात राहते आणि नवरा तिच्याकडे येतो. मालमत्तेचे दोन प्रकार. वडिलोपार्जित ती शुक्रवारची मालमत्ता : ती तरवाडची, आईच्या बाजूने पुढे जाते. माणसाने स्वतः कमावलेली ती सोमवारची : तिची वाटणी शरियतप्रमाणे होते. एकाच घरात दोन्ही कायदे शतकानुशतकं नांदत आलेत. नव्या पिढीत बदल होतोय, पण शब्द टिकून आहेत. अम्मीने विचारलं, "म्हणजे मुलीला घर सोडावंच लागत नाही?" मुलगा म्हणाला, "नाही." अम्मीने माझ्या मुलीकडे पाहिलं आणि गूळ तोंडात टाकला.

संध्याकाळी आम्ही तो बांध मात्र पाहिला. १८४७च्या वादळात समुद्राने प्रवाळाचे तुकडे आणून टाकले, त्यांची लांबच लांब रास किनाऱ्याला लागून आजही आहे. मुलाने त्यातला एक सुंदर तुकडा उचलून खिशात घातला. वाटाड्याने तो हसत, पण ठामपणे परत ठेवायला लावला. प्रवाळ नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मुलगा हिरमुसला. "एवढे पडलेत, एक नेला तर काय होतं?"

त्याला आम्ही जे सांगितलं ते इथेही लिहिते. हे बेटच मुळात प्रवाळाच्या चुऱ्याचं आहे. कडा जिवंत आहे तोवर तो लाटा अडवतो आणि नवी वाळू तयार होत राहते. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शेवाळं टाकून देतं, पांढरं पडतं आणि उष्णता टिकली तर मरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. बंगारमजवळचं पराली नावाचं एक छोटं निर्जन बेट तर झिजून पाण्याखाली गेलं आहे. पाहुणा ज्या घरी जातो त्या घराची वीट काढून आणत नाही. नातवाला हे नानीने एका वाक्यात पटवलं : "आपल्या ओट्याचा चिरा कोणी खिशात घालून नेला तर चालेल तुला?"

पाण्याचंही तसंच. बेटाला नदी नाही, डोंगर नाही. पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. उपसा जास्त झाला की विहिरी खाऱ्या होतात. २००५ साली कवरत्तीला भारतीय शास्त्रज्ञांनी समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली ठेवलं की त्याची वाफ होते, आणि खोल समुद्रातून ओढलेल्या गार पाण्याने त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. दिवसाला एक लाख लिटरची त्याची क्षमता. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूचं पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. समुद्रातून बाहेर आल्यावर अर्धा अर्धा तास नळाखाली उभं राहणाऱ्यांनी ती तिथे आठवावी.

मिनिकॉय : ज्यांचे पुरुष समुद्रावर

मिनिकॉय बाकी बेटांपासून दूर, दक्षिणेला, मालदीवच्या बाजूला आहे. भाषाही वेगळी. इतर बेटांवर मलयाळमची बोली चालते, इथे महल. ती मालदीवच्या दिवेहीची बहीण. तिची लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहितात. एका पाटीपुढे अम्मी थबकली. "हे अरबी नाही, पण ओळखीचं वाटतंय." तिची नजर बरोबर होती. या लिपीतली पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत आणि स्वर दाखवायला जबर-जेरसारख्या खुणा वर-खाली लावतात. कुरआन शरीफच्या पानांवरचे आकडे तिने आयुष्यभर पाहिलेत. तिने पाटीवरचे दोन-तीन आकडे शोधूनही दाखवले.

इथे अकरा गावं आहेत आणि प्रत्येक गावाचा कारभार गावच बघतं. पुरुषांचा प्रमुख तो बोडुकाका. "काका!" करून मुलं हसली. बायकांचीही वेगळी प्रमुख असते. ट्यूनाची मासेमारी गळ आणि काठीने होते. लगूनमधून पकडलेले छोटे जिवंत मासे पाण्यात फेकतात, ट्यूनाचा थवा त्यावर तुटून पडला की काठीने एकेक मासा होडीत उपटून घेतात. मग तो उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात. त्याला मास म्हणतात. अम्मीने सुक्या बाजारात करते तसा तो वाजवून, हुंगून बघितला आणि पसंतीची मान हलवली.

१८८५ साली बांधलेलं पांढरं दीपगृह मुलं चढून आली. आम्ही खाली गावात एका घराच्या ओट्यावर टेकलो. घरातल्या बाईने चहा आणला. तिला मराठी येत नाही, हिंदी चार शब्द. अम्मीला महल येत नाही. 'सलाम', 'अल्हम्दुलिल्लाह' आणि 'माशाअल्लाह' एवढी दोघींची सामायिक भाषा.

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मालवाहू जहाजांवर काम करत आलेत, जगभर जातात. त्या बाईने भिंतीवरचा फोटो दाखवला : बॉयलर सूट घातलेला माणूस, मागे जहाजाची नळकांडी. ती म्हणाली, "हसबंड. शिप." बोटांनी आठ महिने दाखवले. अम्मीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "माझे पण." मग आकाशाकडे बोट केलं. त्या बाईने तिचा हात हातात घेतला.

दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मध्येच त्या बाईचा फोन वाजला. जहाजावरून नवऱ्याचा संदेश होता. तिने तो अम्मीलाही दाखवला. फोटोत कुठल्याशा बंदरातला एक बाक, समोर समुद्र, दुसरं काही नाही. अम्मी त्या फोटोकडे बघत राहिली.

निघताना बाईने सुक्या मासची पुडी दिली. अम्मीकडे द्यायला काही नव्हतं. तिने पिशवीतून आपली तसबीह काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

जायचं असेल तर

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी ओळखपत्र आणि पोलिसांचा दाखला तयार ठेवावा. नियम आणि जहाजांचं वेळापत्रक बदलत असतं, म्हणून पैसे भरण्याआधी अधिकृत ठिकाणी खात्री करून घ्यावी. ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला, पावसाळ्यात समुद्र खवळतो. गुडघ्यांचा किंवा तोल जाण्याचा त्रास फार असेल तर होडीत उतरण्याबद्दल डॉक्टरांशी आणि आयोजकांशी आधीच बोलावं. नेहमीची औषधं चार दिवस जास्तीची घ्यावीत. रोख रक्कम जवळ असू द्यावी. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि गावात अंगभर कपडे घालण्याची रीत आहे, त्यामुळे आपल्या कुटुंबांना तिथे अवघडल्यासारखं होत नाही. प्लास्टिकचा कचरा बेटावर टाकू नये, परत जहाजावर न्यावा. आणि वेळापत्रकाची वही घरी ठेवावी.

परतीच्या रात्री आम्ही डेकवर होतो. मिनिकॉयच्या दीपगृहाचा झोत बराच वेळ दिसत राहिला. मुलं खाली झोपली होती. खालून इंजिनाचा आवाज पायांत येत होता. अम्मी म्हणाली, "याच आवाजात ते बारा बारा तास असायचे. खिडकी नाही, उजेड नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "किनाऱ्यावर उतरून बसले तर मी त्यांच्यावर रागवायचे. एकदा तरी विचारायला हवं होतं, कुठे बसलात, समोर काय होतं."

मी तिचा हात धरला. बोलण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर तिने कपाटातली पत्रं बाहेर काढली. आता असरनंतर ती ओट्यावर बसते, समोर खाडी असते, आणि नातीकडून एक एक पत्र वाचून घेते. त्या वेळात चहाची हाक, फोनची हाक, शेजारणीची हाक, कशालाच ती उठत नाही. परवा मी स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मुलगीच आतून म्हणाली, "अम्मी, थांब ना. नानीची शोर लीव्ह चालू आहे."